उत्तरेचा उजेड

कापडगिरणीच्या साचेखात्याचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. काचेची बाजू उत्तरेला, कारण तिकडून ऊन थेट येत नाही. दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो. तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसावा, म्हणून ही सोय. चित्रकार स्टुडिओसाठी हाच उजेड शोधतात. त्यामुळे जुन्या गिरणीत कलादालन करायचं ठरलं, की निम्मं काम आधीच झालेलं वाटतं. भिंतींना पांढरा रंग दिला, की चित्रं टांगायला मोकळे.

पण त्या रंगाखाली काय जातं?

मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. लंडनचं बँकसाइड वीजकेंद्र 1981 साली बंद झालं. 2000 साली तिथे टेट मॉडर्न उघडलं. तिथल्या टर्बाइन हॉलची भव्य पोकळी आपण कौतुकाने पाहतो. गिरणगावातली पोकळी इतक्या निवांतपणे पाहता येत नाही, कारण तिथे ज्यांचं काम गेलं त्यांची मुलं-नातवंडं अजून आसपासच्या चाळींत राहतात.

डाग, गंज, भोंगा जपून ठेवला म्हणजे प्रश्न सुटतो, असंही नाही. मग दुसऱ्याचे कष्ट शोभेची वस्तू होतात. साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरडं सूत तुटतं. माणसं त्या हवेत पाळीभर उभी राहत. कलादालनातही दमटपणा मोजून राखतात, चित्रं टिकावीत म्हणून. दोन्हीकडे हवा वस्तूच्या सोयीची. प्रेक्षक मात्र तासाभरात बाहेर पडू शकतो.

भाषांतरकार म्हणून मला हा पेच ओळखीचा वाटतो. मजकूर नव्या भाषेत सहज वाचला जावा, हे खरंच. पण त्यापायी मूळ बोलणाराच नाहीसा झाला, तर उरतं ते बळकावणं. इमारतीच्या रूपांतरालाही हीच कसोटी लावावी. भिंतीवरचा मजकूर मराठीतही आहे का? त्यात साचा, पाळी, बदली कामगार हे शब्द आहेत का? गिरणीतून सुटताना कामगाराची गेटवर झडती होई. आज त्याची नात तिकिटाचा हिशेब न करता, कुणाच्या संशयी नजरेशिवाय त्याच गेटातून आत येऊ शकते का? येऊ शकत असेल, तर उत्तरेचा तो उजेड तिच्याही वाट्याला आला, असं म्हणता येईल.