खूण कोणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकमधील आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा चालू होती. पवित्रीकरणाची घंटा वाजताच सहा वर्षांच्या एका मुलाने कानांवर हात दाबून किंकाळी फोडली आणि समोरचे गीतपुस्तक भिरकावले. माना वळल्या. मी वेदीवरूनच त्याच्या आईला खूण केली : त्याला बाहेर न्या. ती गेली, आणि पुढे कित्येक रविवार आलीच नाही. मूल स्वमग्न आहे, त्याला बोलता येत नाही, हे मला मागाहून कळले.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. तो स्वतः त्याच्याबरोबर जातो. मी मात्र माझ्या जागी उभा होतो.

त्या मुलाला शिस्तीची गरज होती की शब्दांची? वर्तनोपचार लहान लहान टप्प्यांनी कौशल्ये शिकवतो व योग्य प्रयत्नाला तत्काळ दाद देतो. वाचोपचार शब्द देतो. शब्द येत नसतील तर खुणा आणि चित्रे देतो. या दोन वाटा कोठे मिळतात हे एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिले. मूल मारते, फेकते, ओरडते त्यातून ते बहुधा काही सांगत असते. तेच सांगण्याचे दुसरे साधन त्याच्या हाती दिले की त्रासदायक वर्तन कमी होते.

गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या सूचक हालचाली ओळखून त्याच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकवले. मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नाही; परंतु आधी बदलले ते पालक, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. डॉ. इव्हार लोवास यांनी १९८७ साली वर्तनोपचाराचे मोठे यश नोंदविले. त्या पद्धतीत अधूनमधून चापटीलाही स्थान होते. चांगल्या साध्याने वाईट साधन पवित्र होत नाही, हे आपण धर्मशिक्षणात शिकतो. पण त्याही आधी विचारावे, साध्य कोणाचे? ‘शांत बसणे’ हे मुलाचे हित, की आपली सोय?

माझ्या मते कसोटी एकच. मुलाला ‘नको’ म्हणायला शिकवले, तर त्या ‘नको’ला मान देण्याचे बंधन आपल्यावर येते. तो शब्द शिकवून त्याकडे दुर्लक्ष करणे ही फसवणूक होय. कोणी म्हणेल, भर रस्त्यात मुलाने हात सोडवून घेतला तर? तेथे हात घट्ट धरावाच. ते त्याच्या जिवासाठी असते. आपल्या सोयीला मात्र त्याच्या जिवाचे नाव देऊ नये.

मी त्या घरी जाऊन आईची क्षमा मागितली. आता ते मूल पुन्हा येते. घंटेपूर्वी आई त्याला घंटेचे चित्र दाखवते. कधी तो कान झाकून थांबतो. कधी दाराच्या चित्रावर बोट ठेवतो आणि दोघे बाहेर जातात. बाहेर जाणे तेच आहे. तेव्हा खूण माझी होती. आता ती त्याची आहे.