शंका आणि मौन

बदलापूर गावात जुनी मोटार विकावयास काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पुरात बुडाली होती का?" उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. जुलै २००५ चा पूर येथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकून पडली होती. आमच्या धर्मग्रामाची वीस वर्षांची गाडी विकण्याचे ठरले तेव्हा आम्ही या प्रश्नास मोकळ्या मनाने 'नाही' असे उत्तर दिले. गाडी खरोखरच बुडालेली नव्हती. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर देताना आमची जीभ अडखळली असती, तो कोणी विचारला नाही.

तोही पाण्याचाच प्रश्न होता. चार महिने रेडिएटरमधील पाणी आटत होते आणि गाडीखाली मात्र एक थेंबही दिसत नव्हता. आम्ही डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवू लागलो व विषय मिटला असे मानले.

इंजिनाचा खालचा ठोकळा आणि त्यावर बसवलेले हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्र्यासारखा थर असतो. त्यास हेड गॅस्केट म्हणतात. पेटलेल्या वायूचा प्रचंड दाब, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल ही तिन्ही अगदी शेजारी शेजारी असूनही एकमेकांत मिसळत नाहीत, ती या थरामुळे. तो फाटला की पाणी सिलिंडरमध्ये शिरते व पांढरी वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. कधी ते तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. कधी वायूच पाण्यात घुसतो आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात. पुढे इंजिन तापते, अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि ते उतरवून फेसिंगसाठी न्यावे लागते. गॅस्केटची किंमत फार नसते, खर्च होतो तो सारे उघडण्याचा.

गावातील मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "फादर, हेड गॅस्केट असू शकेल. नसूही शकेल." त्यांनी कारणेही सांगितली. थंडीच्या सकाळी निरोगी इंजिनही थोडा वेळ पांढरी वाफ सोडते. पावसाळ्यात गाडी फक्त जवळच्या अंतरावर चालवली तर तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर नुसत्या दमटपणाने जमतो. इंजिन तापते ते थर्मोस्टॅट अडकल्याने किंवा पंखा बंद पडल्यानेही. पाणी जाते ते रेडिएटरचे झाकण सैल झाल्यानेही. एका लक्षणावरून निकाल द्यावयास ते तयार नव्हते. शेजाऱ्याच्या घरातील दिवा उशिरापर्यंत जळताना पाहून आपण किती निकाल देऊन मोकळे होतो, हे त्या क्षणी आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही. "खात्री हवी असेल तर टेस्ट करावी लागेल," असे सांगून त्यांनी हात पुसले.

टेस्ट आम्ही केली नाही. आमच्या विवेकबुद्धीने त्या 'असू शकेल' या दोन शब्दांत आपले बिऱ्हाड थाटले. पाहिले नाही तर माहीत नाही. माहीत नाही तर खोटे बोलणे नाही. शिवाय पैसा आमचा नव्हे, धर्मग्रामाचा! त्याचे नुकसान करण्याचा आम्हांस काय अधिकार? लोभ काटकसरीचा झगा घालून आला की धर्मगुरूलाही तो ओळखू येत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' ग्रंथात या व्यवहाराचा विचार केला आहे. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितलाच पाहिजे का? घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्यास दिसते. तेथे किंमत योग्य तेवढी उतरवली तर बोलण्याची सक्ती नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापायी घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्यास धोका होणार असेल, तर मौन हा अन्याय होय. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकता येत नाही. (सुरतेच्या वाटेवर घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ती येथील लोक सांगतात. तेव्हा हा दाखला आमच्या गावास परका वाटू नये.) याच ग्रंथात अन्यत्र अज्ञानाविषयी विवेचन आहे. एखादा मनुष्य सबब हाताशी राहावी म्हणून मुद्दाम अज्ञानी राहिला, तर ते अज्ञान त्याच्याच इच्छेचे ठरते. ते त्यास निर्दोष ठरवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, "जुन्या वस्तूविषयी शंका कोणती नसते? प्रत्येक शंका सांगत बसलो तर विक्री व्हावयाची कशी?" आक्षेप रास्त आहे. परंतु मनात येऊन जाणारी शंका वेगळी आणि आपल्या वागण्यात बदल करणारी शंका वेगळी. आम्ही गाडीत पाणी बाळगू लागलो, घाटाचा रस्ता टाळू लागलो. आमच्या हातापायांनी ती शंका मान्य केली होती. केवळ जिभेने केली नव्हती. अशी शंका ही विकणाऱ्याजवळची माहितीच होय, आणि ती गाडीबरोबर घेणाऱ्याच्या हाती गेली पाहिजे. गळका रेडिएटर तात्पुरता बुजविण्यासाठी त्यात हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा तोडगा आहे. आडरस्त्यावर कुटुंब घेऊन अडकलेल्या माणसाने तो केला तर त्यात दोष नाही. ग्राहक येण्याच्या आदल्या रात्री केला तर ती फसवणूक होते. हळद तीच.

गाडी घ्यावयास आला तो आमच्याच धर्मग्रामातील तरुण. त्याच्या आईचे डायलिसिस कल्याणला होते. आठवड्यातून तीन खेपा. रात्री परतताना गाडी रस्त्यात बंद पडली तर काय होईल, हे आम्हांस दिसू लागले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चालू इंजिनाच्या रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरली. पाण्यात जळलेला वायू मिसळत असेल तर हा द्रव पिवळा पडतो. काही मिनिटांतच तो पिवळा पडला.

आम्ही तरुणाला बोलावून सारे सांगितले. चार महिन्यांचे पाणीही. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, डिकीतल्या बाटल्या मी परवाच पाहिल्या होत्या. पण तुमची गाडी म्हणून विचारलं नाही."

गाडी त्यानेच घेतली. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला. वित्त समितीच्या सभेत रक्कम कमी का, असे सभासदांनी विचारले. वहीत कारण म्हणून 'हेड गॅस्केट' एवढेच लिहिले गेले. त्या चार महिन्यांना वहीत रकाना नव्हता, म्हणून ते येथे लिहिले.