अजाण हात निर्दोष असतो काय?

खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरणारा ट्रकचालक ब्रेकवर पाय ठेवितो, तेव्हां तो कशावर विश्वास ठेवितो बरें? आपल्या पायावर म्हणावें, तर पाय केवळ इशारा देणारा आहे. ब्रेकवर म्हणावें, तर तें निर्जीव लोखंड आहे. खरें पाहतां तो एका मनुष्यावर विश्वास ठेवितो. त्याचें नांव चालकास बहुधा ठाऊक नसतें. गाडीखालीं उताणा पडून ज्यानें तीं चाकें तपासलीं, तोच तो मेकॅनिक होय. अशा मनुष्याच्या ठायीं सद्‌हेतु असला म्हणजे पुरे, कीं त्यास त्या कामाचें ज्ञानही असलें पाहिजे, हा प्रश्न आज आपण विचारांत घेऊं.

बैलगाडीच्या बाबतींत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. जो आंसाला वंगण घाली तोच गाडी हांकी. खीळ सैल राहिली तर पडणाराही तोच. ट्रकचें तसें नाहीं. मालक एक, चालक दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा, आणि रस्त्याच्या कडेनें चालणारीं माणसें निराळींच. चूक एकाची व शिक्षा दुसऱ्यास, असें येथें होतें. सन २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील बहुतेक मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलेलें आहे, हें खरें. परंतु जो चालक सावकाश व सावधपणें चालला होता, त्याचाही ब्रेक ऐन उतारावर निकामी झाला, तर त्याच्या सावधपणाचा उपयोग काय?

एक उदाहरण घ्या. मोठ्या ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. मागील चाकांपाशीं डब्यांत एक बळकट स्प्रिंग असते. हवेचा दाब पुरेसा आहे तोंवर ती दबून राहते. हवा गळाली म्हणजे ती सुटते आणि चाक जखडून टाकते. संकट येतांच गाडीनें धांवूं नये, उभें राहावें, अशी ही योजना आहे. आतां समजा, रात्रीं वाटेंत हवा गळून गाडी अडली. माल वेळेवर पोंचविला पाहिजे. मालकाचे फोनवर फोन येत आहेत. जवळच्या गॅरेजांतील पोऱ्या झोपेंतून उठून येतो, बोल्ट आंवळून ती स्प्रिंग बांधून टाकतो, आणि गाडी चालूं लागते. चालक त्याला दुवा देतो. परंतु तो बोल्ट बंद पडलेली गाडी कारखान्यापर्यंत नेण्यापुरता असतो, हें पोऱ्यास कोणीं सांगितलेलें नाहीं. गळती तशीच राहिली, बोल्टही तसाच राहिला. पुढच्या उतारावर हवा गेली, तर त्या चाकास धरणारें कांहींच उरलें नाहीं. दया त्यानें केली, पण त्या दयेनेंच चालकाचा शेवटचा रक्षक बांधून ठेविला. शिवाय न जाणतां तो डबाच उघडला असता, तर उसळलेल्या स्प्रिंगनें त्या पोराचाच प्राण घेतला असता.

त्यास दोषी म्हणावें काय? कोणी म्हणेल, “जें त्यास कोणीं शिकविलेंच नाहीं, त्याचा दोष त्याच्या माथीं कां?” हें बोलणें योग्य आहे. परंतु दोष त्याच्या माथ्यावरून उतरला म्हणजे नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं बसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें १९० वें कलम पाहा. गाडींत दोष आहे हें ठाऊक असणाराच नव्हे, तर साधारण काळजी घेतली असती तर ज्यास तो कळला असता, असाही मनुष्य ती गाडी रस्त्यावर चालवील किंवा चालवूं देईल, तर तो अपराधी ठरतो. जें अज्ञान दूर करितां आलें असतें, तें निर्दोष नव्हे. म्हणून “असें कर” एवढेंच सांगणारा, पण “कां” तें न सांगणारा उस्ताद, आणि चार पैसे वांचावे म्हणून शिकलेल्यास वगळून अजाण पोऱ्यास बोलावणारा मालक, हे दोघेही त्या दोषाचे भागीदार आहेत.

उस्तादाच्या अनुभवास मी तुच्छ लेखीत नाहीं. इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारा कान शाळेंत मिळत नाहीं. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचीं नवीं इंजिनें आलीं. त्यांतील पुष्कळसे दोष कानास ऐकूं येत नाहींत, यंत्र जोडून वाचावे लागतात. यास्तव जुन्या हातासही पुन्हां शिकणें भाग आहे. आय.टी.आय.मध्यें डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, आणि १९६१ च्या कायद्यानें शिकाऊ उमेदवारीची वाट मोकळी केली आहे.

परंतु शिक्षणाचा एक भाग पुस्तकांत नाहीं. तो म्हणजे “ही गाडी आज निघावयाची नाहीं” असें म्हणण्याचें धैर्य. जाणूनही जो मालकाच्या धाकानें गप्प बसतो, तो त्या पोऱ्याहून अधिक दोषी होय. “मग न शिकलेलेंच बरें!” असें कोणी म्हणेल. नाहीं, डोळे मिटून घेतल्यानें खड्डा बुजत नाहीं.

वाचकहो, आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें तालुक्याच्या गांवीं गॅरेजांत कामास लागतात. त्यांस ठेवितांना पगार किती हें विचारितां, तसेंच शिकविणार काय हेंही विचारा. आणि ज्याच्या दारीं गाडी आहे, त्यानें मेकॅनिक “नाहीं” म्हणाला असतां रागावूं नये. त्या एका “नाहीं”मुळें घाटाच्या माथ्यावरचा एक अनोळखी मनुष्य रात्रीं आपल्या घरीं पोंचतो.