काचेतला मासा

न मारलेल्या माशाचे पाप माणसाला लागते काय? सणासुदीच्या दिवसांत फराळाचे ताट समोर असताना वाचकांपुढे असला प्रश्न ठेवणे बरे नव्हे, हे मला कळते. पण माझ्यापुढे तो दिवाळीतच आला, आणि तोही वयाच्या अकराव्या वर्षी. तेव्हा त्याची फेड दिवाळी अंकातच करावी, हे उत्तम.

आम्ही तापीकाठचे भोई. पांझरा नदी तापीला जिथे मिळते, त्याच्या अलीकडे अमळनेर तालुक्यात आमचे गाव. वडील जाळे टाकीत. मामा मात्र धुळ्याला एका धान्याच्या दुकानात मापाडी होते, आणि भाऊबीजेच्या निमित्ताने आईबरोबर मीही त्यांच्याकडे जात असे. दुकानाचे मालक जैन. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, म्हणून माझा मित्र. १९९१ च्या दिवाळीत त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा एक खेळ आला आणि माझी सबंध सुटी त्या टीव्हीसमोर गेली.

त्या डबीत शंभरावर खेळ होते. त्यांना नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. आमच्या आवडीच्या खेळात पडद्याच्या दोन कडांना दोन धक्के, त्यांवर गळ टाकून समोरासमोर बसलेली दोन माणसे आणि मध्ये निळे पाणी. पाण्यात माशांच्या सहा रांगा. वरच्या दोन रांगांतला मासा दोन पौंडांचा, मधल्यांतला चार पौंडांचा आणि तळच्यांतला सहा पौंडांचा. ज्याचे नव्याण्णव पौंड आधी भरतील, तो जिंकला. पण पाण्याच्या वरच्या थरात एक शार्क सारखा येरझारा घालीत असे, आणि वर येणारा मासा त्याच्या वाटेत सापडला की तो गिळून टाकीत असे. दोघांच्या गळाला एकदमच मासे लागले, तर ज्याला आधी लागला त्यानेच दोरी भराभर ओढायची; दुसऱ्याने तोवर वाट पाहायची.

या खेळाचा इतिहास मला फार पुढे कळला. त्याचे मूळ नाव 'फिशिंग डर्बी'. अमेरिकेतल्या डेव्हिड क्रेन यांनी तो रचला आणि 'ॲक्टिव्हिजन' कंपनीने १९८० साली 'अटारी २६००' या यंत्रासाठी तो विक्रीस आणला. ही कंपनी आदल्याच वर्षी निघाली होती. खेळ आम्ही रचतो, पण त्यावर आमचे नाव नाही आणि नफ्यात वाटाही नाही, या तक्रारीने अटारी सोडून आलेल्या मंडळींनी ती काढली, क्रेन त्यांच्यातलेच. त्या यंत्राची तात्पुरती स्मृती अवघी १२८ बाइटांची. आपल्या देवनागरीतले हे वाक्यसुद्धा आजच्या संगणकी हिशेबाने तिच्यात मावणार नाही! सबंध खेळ दोन किलोबाइटांत बसवलेला. एवढ्याशा जागेत त्या गृहस्थांनी दोन माणसे बसवली, मासे बसवले, शार्क बसवला. हेवा मात्र बसवावा लागला नाही. तो आम्हीच घरून घेऊन येत होतो.

मित्राची आजी माजघरात जपमाळ ओढीत बसलेली असे. एके दुपारी आमचा 'धर, मार, ओढ' असा कल्ला ऐकून ती बाहेर आली आणि पडद्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तिने आम्हांला एक गोष्ट सांगितली. एका महासागरात एक अजस्र मासा असतो, आणि त्याच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा दुसरा मासा राहतो. मोठा मासा जबडा उघडा टाकून निजला की असंख्य मासे त्याच्या तोंडात शिरतात आणि सुखरूप बाहेर पडतात. ते पाहून दाण्याएवढा मासा मनात चरफडतो, 'काय हा मूर्ख! मला असा जबडा असता, तर यांतला एकही मी सोडला नसता.' आयुष्यभर तो एकही मासा गिळत नाही. आणि मेल्यावर जातो सातव्या नरकात.

"पण आजी, हे मासे खोटे आहेत," मित्र म्हणाला.

"मासे खोटे आहेत हे मलाही दिसतंय. पण 'मार, मार' म्हणून ओरडलात, ते खरंच ओरडलात ना?"

मी जरा उद्धट होतो. म्हणालो, "आजी, माझे वडील तर खरे मासे धरतात. ते कुठे जातील?"

आजी गप्प झाली. माळेचे दोन मणी सरकले असतील. "बेटा, ते पोटासाठी धरतात. त्यांचा हिशेब करणारी मी कोण?" एवढेच म्हणून तिने आमच्या हातावर एकेक लाडू ठेवला आणि ती आत गेली.

भाऊबीजेनंतर वडील आम्हांला न्यायला आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना खेळ दाखवला. नव्याण्णव पौंड म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस किलो. एवढे मासे त्यांच्या जाळ्यात एका दिवसात क्वचितच आले असतील. त्यांनी शांतपणे पाहिले आणि विचारले, "मंग तो मासा कोठे गया रे पोऱ्या?" मासा कुठेच जात नव्हता. तो वर आला की नाहीसा होई आणि आकडा वाढे. हे ऐकून ते नुसते हसले. पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यांनी फुगलेली मादी जाळ्यात आली, तर घरात चूल थंड असली तरी ती पाण्यात परत सोडणारा हा माणूस! माशाचा जीव म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

जैन शास्त्रकारांनी द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद केला आहे. एक प्रत्यक्ष कृतीची, दुसरी मनातली. सोमदेवांच्या इ. स. ९५९ मधल्या 'यशस्तिलका'त यशोधर राजा आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी देतो, आणि तेवढ्यासाठी मायलेकांना पशुपक्ष्यांचे कितीतरी जन्म घ्यावे लागतात. तरुणपणी मला हा न्याय अतिरेकी वाटे. पोरांनी खेळू नये काय? मनात आलेल्या प्रत्येक तरंगाची शिक्षा भोगायची, तर नरकात जागा तरी पुरेल काय? उलट, मनातली मारामारी पडद्यावर जिरवून पोरे एका ताटात जेवायला बसत असतील, तर तो खेळाचा उपकारच नव्हे काय?

पुढे २००३ साली मित्राच्या वडिलांचे दुकान बसले. देणेकरी दाराशी आले, वखार विकावी लागली. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. ही बातमी ऐकली आणि, वाचकहो, लिहितानाही लाज वाटते, क्षणभर माझ्या मनात आनंद उसळला. तो आनंद मी तत्काळ ओळखला. मित्राचा सहा पौंडांचा मासा अगदी धक्क्यापाशी येऊन शार्कच्या तोंडी जाई, तेव्हा होणारा तोच तो! आणि त्याच दुकानाबरोबर माझ्या मामांची नोकरी गेली होती, हे मला दुसऱ्या क्षणी आठवले.

त्या दिवशी आजीचा न्याय मला अर्धा पटला. काचेतल्या माशाचे पाप लागते, असे मला आजही वाटत नाही. तो जन्मलाच नव्हता, तर मरेल कसा? १९९७ साली जपानच्या सेगा कंपनीने 'गेट बास' या खेळात माणसाच्या हाती खरी वाटावी अशी गळाची दांडी दिली, तरी दोरीच्या टोकाला जीव नव्हताच. पण समोरच्या धक्क्यावर बसलेला माणूस पिठाचा नसतो. खेळात त्याचे नुकसान पाहून हसणे हा खेळच आहे. खेळ संपल्यावर ते हसू जागच्या जागी राहिले आहे की आपल्याबरोबर घरी आले आहे, एवढे मात्र ज्याचे त्याने पाहावे. मी बारा वर्षे पाहिले नव्हते.

गेल्या दिवाळीत मित्र सहकुटुंब आमच्याकडे आला होता. मुले मोबाइलवर असलाच काही खेळ खेळत होती. मी त्यांना दाण्याएवढ्या माशाची गोष्ट सांगितली. मित्राच्या मुलीने विचारले, "काका, मग त्या माशाने करायला काय हवं होतं?" मला उत्तर सुचले नाही.

रात्री अंगणात आम्ही दोघेच उरलो, तेव्हा मी त्याला २००३ सालचा तो क्षण सांगून टाकला. तो बराच वेळ पणतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या मामांना काढावं लागलं, तेव्हा मलाही एक क्षण बरं वाटलं होतं, की निदान आम्ही एकटेच बुडालो नाही."

पणतीतले तेल संपत आले होते. त्यानेच उठून ते घातले.