एन्नोरच्या खाडीतली कोळंबी

चेन्नईच्या उत्तर टोकाला कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते, तिथे एन्नोरची खाडी आहे. आजूबाजूला कामराजर बंदर, औष्णिक वीजकेंद्र, खतांचा कारखाना. बाहेरच्या माणसाला एन्नोर माहीत होतं ते अपघातांमुळे. जानेवारी २०१७ मध्ये बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर पुन्हा तेल खाडीत आलं, आणि त्याच महिन्यात समुद्रातल्या नळीतून अमोनिया गळला.

नवा कथालेखक अशा ठिकाणी गेला की हमखास तेल सांडतं त्या दिवसापासून सुरुवात करतो. माझं त्याला कळकळीचं सांगणं आहे, की तसं करू नकोस. तो दिवस बातमीदाराने आधीच लिहिलेला आहे. तू आदल्या वर्षीचा एखादा साधा दिवस घे आणि त्या दिवशी माणसं कोणतं काम करत होती ते बघ.

इथल्या इरुळर या आदिवासी समाजातल्या बायका खाडीत उतरून हातांनी कोळंबी पकडतात. जाळं नाही, होडी नाही. पाण्यात बसून पुढे सरकत दोन्ही हातांनी गाळ चाचपायचा आणि सापडलेली कोळंबी दातांत धरलेल्या टोपलीत टाकायची. या एका कृतीत कथेचं केवढं तंत्र दडलंय! हात पाण्याखाली, टोपली दातांत, म्हणजे काम चालू असताना बोलणं शक्य नाही. मग तुझे संवाद पाण्यात उतरण्याआधी येतील किंवा बाहेर आल्यावर, काठावर. मधला सगळा वेळ स्पर्शाचा. वीजकेंद्राची राख खाडीत आली, तर ती या बाईला वर्तमानपत्रातून कळत नाही, बोटांना कळते. पाणी तापलं तर आधी अंगाला कळतं. ‘दुःखी’, ‘शोषित’ ही विशेषणं इथे लागतच नाहीत. काम नीट कळलं की माणसाचं दुःख त्या कामातूनच वर येतं.

वाचकांनीही हाच धागा धरून वाचावं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी पुन्हा उघडा आणि फक्त तिच्या नायिकेच्या, कौतिकच्या राबण्याकडे लक्ष ठेवा. कोणत्या वेळी ती काय करते, तेव्हा नवरा काय करत नसतो, एवढंच टिपत चला. संसार कसा विस्कटतो, ते लेखकाने वेगळं सांगायची गरज का पडत नाही, हे मग उमगतं. मला हे वाचन लेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा मोलाचं वाटतं.

अशा माणसांवर परक्याने लिहावं का, हा प्रश्न खरा आहे. जो डिक्रूझ यांच्या ‘कोरकै’ या तमिळ कादंबरीला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते स्वतः तमिळ किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजातले, त्यांना समुद्र आतून ठाऊक. बाहेरून गेलेल्याने तो आव आणू नये. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त काय केलं पाहा: धनगरांची वाडी दाखवायला त्यांनी बाहेरून आलेला एक तरुण मास्तर निवेदक केला. मास्तराला जे कळत नाही ते विचारावं लागतं, चुकतमाकत शिकावं लागतं, आणि वाचकही त्याच्याबरोबर शिकतो. नवख्याचं अज्ञान लपवलं नाही, तर त्यावरच कथा चालते.

त्यासाठी एन्नोरलाच जायला हवं असं नाही. मुंबईत माहुलला कोळीवाडा आणि तेलशुद्धीकरण कारखाने शेजारी शेजारी आहेत. तिथे जा, उधाण कधी, भांग कधी, कोणती मासळी कोणत्या दिवसांत लागते, विकायला कोण बसतं, उधारी कुणाची, हे विचारा. वही काढायची घाई नको. आधी ओळख होऊ द्या.

आणि तेल? ते येऊ दे कथेत, पण उशिरा. बाजारात एखादं गिऱ्हाईक कोळंबी उचलून हुंगतं आणि काही न बोलता परत टोपलीत टाकतं, तिथे.