रथ नेमका कुठे असतो?

सागलचा राजा मिलिंद वादाला मोठा पक्का. तो भिक्खू नागसेनांकडे आला, तेव्हा ते म्हणाले, लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण या नावामागे ‘नागसेन’ असा कोणी सापडत नाही. राजाने लगेच पेच टाकला. मग चीवर घेतो कोण, शील पाळतो कोण? नागसेनांनी उलट विचारले, महाराज पायी आलात की वाहनाने? रथाने, राजा म्हणाला. मग दाखवा तो रथ. धुरा म्हणजे रथ का? आस? चाके? जू? लगाम? प्रत्येक वेळी राजाचे उत्तर ‘नाही’. या साऱ्यांची बेरीज म्हणजे रथ म्हणावे, तर तेही नाही. त्यांना वगळून रथ शोधावा, तर तो कुठेच नाही. शेवटी राजाने मान्य केले की हे भाग असल्यामुळे ‘रथ’ हे बोलण्याच्या सोयीचे नाव चालते, इतकेच.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला हा राजा म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर. सागल म्हणजे बहुधा आजचे सियालकोट. ग्रीकांकडेही असाच एक प्रश्न होता, तो ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवला आहे. पुराणवीर थीसियसचे जहाज अथेन्सकरांनी जपून ठेवले. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, असे करता करता ते जुनेच जहाज राहिले का, यावर तत्त्वज्ञ भांडत बसले. गंमत म्हणजे मिनँडरच्या मृत्यूनंतर नगरांनी त्याची रक्षा वाटून घेतली, हेही प्लुटार्कनेच लिहून ठेवले आहे. रथाच्या भागांवरून अडलेल्या राजाचेही शेवटी वाटे झालेच.

या जुन्या वादाला आजचा साक्षीदार हवा असेल, तर तो हिरोशिमात तयार होतो. माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही मोटार, अमेरिकेतल्या चाहत्यांची मियाटा. कंपनीचे नावही या विषयाला शोभणारे आहे, कारण एकाच नावामागे दोन मुळे आहेत. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी ते जुळते, आणि कंपनी त्याचा संबंध अहुर माझ्दाशीही सांगते. पारशांच्या अग्यारीत ज्याची प्रार्थना होते, तोच हा देव.

गाडीचा जन्मही सरळ नाही. उघड्या टपाची, दोन आसनांची, हलकी आणि खिशाला परवडणारी मोटार हा मुळात इंग्रजांचा प्रकार. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही गाड्या १९८० साली बंद पडल्या. त्याच सुमारास बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनइची यामामोटो यांना सुचवले होते की तशी गाडी तुम्हीच काढा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. १.६ लिटरचे इंजिन, वजन जेमतेम ९४० किलोच्या घरात. रूप १९६२च्या लोटस एलानची आठवण करून देणारे, पण गाडी किल्ली फिरवली की चालू होणारी, आणि खाली तेलाचे डबके न करणारी. पुनर्जन्म म्हणावा तर देहही वेगळा, देशही वेगळा.

त्या पहिल्या गाडीच्या दाराची कडी पाहण्यासारखी आहे. क्रोमची, बारीक, एका-दोन बोटांनी ओढायची. दिवे तर अजूनच खट्याळ. दिवसा बॉनेटच्या पातळीत मिटलेले, बटण दाबले की झोपेतून उठल्यासारखे दोन डोळे वर येतात. गाडीची ओळख काय, असे तेव्हा कोणालाही विचारले असते तर त्याने दिव्यांकडेच बोट दाखवले असते. १९९८च्या दुसऱ्या पिढीत ते गेले. तरीही गाडी मियाटाच राहिली. म्हणजे दिवे म्हणजे मियाटा नव्हे. इंजिन? तेही बदलत गेले. सांगाडा? २००५ आणि २०१५ साली तो नव्याने आखला गेला. नागसेनांची यादी पुढे सरकत राहते, उत्तर तेच.

पण इथे थीसियसचे जहाज अपुरे पडते. ते एकच जहाज होते. मोटारीचे मॉडेल ही वंशावळ आहे, आणि तिच्या सगळ्या पिढ्यांचे सदस्य एकाच वेळी रस्त्यावर असतात. त्यासाठी नागसेनांचाच दुसरा दाखला जवळचा: दुधाचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून तूप नाही. ना तेच, ना दुसरेच. फरक इतकाच की दही लागले की दूध उरत नाही. मियाटाच्या बाबतीत दूध, दही, लोणी आणि तूप एकाच सिग्नलला शेजारी उभे असू शकतात.

जपानकडे याचे स्वतःचे उत्तर आहे. इसे येथील शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधतात. पहिले पुनर्बांधकाम इसवी सन ६९० चे, बासष्टावे २०१३ चे. लाकूड नवे, सुतार नवे, मंदिर प्राचीन. तिथे टिकते ती रीत.

मियाटाची रीत कोणती? कंपनी ‘जिन्बा इत्ताइ’ म्हणते, घोडा आणि स्वार एकजीव. शब्द सुंदर आहे, पण तोच शब्द कंपनी आपल्या जाडजूड एसयूव्हींनाही लावते, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. वजनकाटा अधिक प्रामाणिक. प्रत्येक पिढीला सुरक्षेचे नियम कडक होतात, गिऱ्हाइकाला आणखी सोयी हव्या असतात, आणि गाडी जाड होत जाते. तिसऱ्या पिढीचा काटा १,१०० किलोच्या आसपास गेला, तोही अभियंते ताकाओ किजिमा यांच्या चमूने आतल्या आरशातूनसुद्धा ग्रॅम ग्रॅम वाचवल्यावर. चौथ्या पिढीत अभियंते नोबुहिरो यामामोटो यांनी तो मागे खेचला: जपानमधली सर्वात साधी गाडी ९९० किलोची, आणि लांबीला १९८९च्या गाडीपेक्षाही आखूड. हे एखाद्या व्रतासारखे आहे. व्रत वस्तूत नसते. काय घ्यायचे नाही, याचा निश्चय दरवेळी नव्याने करावा लागतो, आणि तो मोडू शकतो. न्याय-वैशेषिक दर्शनांनी अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे भागांपलीकडची पूर्ण वस्तू, मानला, बौद्धांनी तो नाकारला. मियाटापुरते बौद्धांचे पारडे जड वाटते, पण ‘सोयीचे नाव’ टिकवायला इतकी गैरसोय सोसावी लागते, हे त्यांनीही हिशेबात धरायला हवे.

मग व्रत तेच, नाव दुसरे, असे झाले तर? तसे झालेही. २०१६ पासून फियाट १२४ स्पायडर हिरोशिमातच तयार होऊ लागली. चौथ्या मियाटाचाच सांगाडा, इंजिन फियाटचे १.४ लिटर टर्बो, पत्रा इटालियन वळणाचा, लांबी सुमारे १४ सेंटिमीटर जास्त. ती बंद पडली तेव्हा कोणी मियाटा बंद पडली असे म्हटले नाही.

आणि २०१७ मध्ये माझ्दाने जपानमधल्या पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने उभारून देण्याची योजना जाहीर केली. व्हिनाइलचे छत, नार्दीचे लाकडी स्टिअरिंग, ब्रिजस्टोनचे जुन्या नक्षीचे टायर, सारे पुन्हा बनवून घेतले. इतके सारे बदलूनही नोंदणीच्या कागदाला गाडी जुनीच वाटते, कारण सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक जुळतो. धुरा, आस, चाके, जू आणि लगाम यांच्या यादीत नागसेनांनी तो क्रमांक तेवढा विचारायचा ठेवला होता.