ताशी चार मैल
इंग्लंडमधले बहुतेक कालवे खोदले गेले ते कोळसा आणि कारखान्यांचा माल लवकर पोचावा म्हणून. आज त्यांवर लोक सुट्टीत मुद्दाम हळू फिरतात, गंमतच म्हणायची! त्यांची अरुंद नाव, नॅरोबोट, जेमतेम 7 फूट रुंद, वेगमर्यादा ताशी 4 मैल. काठावरचा कुत्राही सहज पुढे निघून जातो. विल्टशरच्या केन हिलवर चढताना एकापाठोपाठ 29 लॉक, म्हणजे पाणी भरून नाव वर उचलणारे दरवाजांचे हौद, लागतात. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, पाणी भरू द्यायचं, मग लाकडी दांड्याला पाठ लावून दरवाजा रेटायचा. दिवस बराचसा त्यातच सरतो. आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून जाताना वेग आणखी उतरवायचा. नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात, आतल्याचा चहा सांडतो. आज कुणाच्या दारावरून गाडी नेताना आपणही एवढं सांभाळू या.